शिलाई मशीनचे दोन पाय




पाड्यांवरील शिवणवर्गांसाठी मशीन देऊ इच्छिणारी मंडळी आम्हाला नेहमी दोन प्रश्न विचारतात. पहिला मोकळेपणाने येतो : साधे पायाचे मशीन द्यावे की मोटरचे? दुसरा जरा संकोचून येतो : दिलेली मशिने तिथे खरेच चालतात, की कोपऱ्यात पडून राहतात? हा दुसरा प्रश्न विचारताना कोणी संकोच करू नये. देणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. काही मशिने कोपऱ्यात पडतात, हे खरे आहे. चादर टाकून वर पत्र्याची पेटी ठेवलेली मशिने मी पाहिली आहेत.

पण अशी मशिने उघडून पाहिली, की बहुतेक वेळा आत काही मोडलेले नसते. पट्टा सैल झालेला असतो, शटलमध्ये दोऱ्याचा गुंता अडकलेला असतो, नाहीतर खोबरेल तेल घातल्याने सगळे सांधे चिकटलेले असतात. जव्हार-मोखाड्याच्या आतल्या पाड्यावरून मशीनचे डोके उचलून बाजाराच्या गावी दुरुस्तीला न्यायचे, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळेच. म्हणून ‘मशीन बिघडले’ असे घरात एकदा कोणी म्हटले, की काम तिथेच थांबते. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, साडीचे फॉल, फाटक्या कपड्यांची दुरुस्ती यांतून त्या बाईच्या स्वतःच्या हाती येणारा पैसा थांबतो.

म्हणून आमच्या वर्गात पहिले काही दिवस कापडाला हात लावू देत नाही. आधी मशीनचे दोन पाय शिकवतो. एक खालचा, शिवणारीच्या तळपायाखाली असतो तो, म्हणजे पायडल. दुसरा वरचा, सुईजवळ कापडावर बसतो तो. दुकानात तो ‘प्रेशर फूट’ म्हणून मिळतो, शिंपी नुसते ‘फूट’ म्हणतात. हे दोन पाय ज्या बाईला कळले, तिचे मशीन सहसा कोपऱ्यात जात नाही. तोच पाठ या अंकात तुमच्यासाठी देत आहे. मशीन देताना काय पाहावे, हेही त्यातूनच कळेल.

खालचा पाय

पायडल म्हणजे लोखंडाची जाळीदार फळी. तिच्या दोन्ही बाजूंना खिळीसारखे आधार असतात आणि त्यांवर ती सी-सॉसारखी पुढे-मागे झुलते. चवडा दाबला की पुढची कड खाली, टाच दाबली की मागची कड खाली. ती एवढेच करते. पण मशीनला गोल फिरणारी गती हवी असते. हा बदल घडवणारा एक उभा दांडा पायडलच्या एका बाजूला असतो. त्याचे खालचे टोक पायडलला आणि वरचे टोक मोठ्या चाकाला जोडलेले असते. मात्र ते चाकाच्या अगदी मधोमध जोडलेले नसते, आसापासून जरा बाजूला असते. त्यामुळे दांडा वर-खाली झाला की चाक गोल फिरते. सायकलवर पाय वर-खाली होतात आणि चाक फिरते, ते याच युक्तीने. धार लावणाऱ्याचे पायाने चालणारे चाकही असेच चालते.

सायकलचेच उदाहरण पुढे नेऊ. सायकलचे पायडल अगदी वरच्या टोकाला असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर दिला, तरी सायकल हलत नाही. शिलाई मशीनच्या चाकालाही अशा दोन अडलेल्या जागा असतात, एक वर आणि एक खाली. दांडा आणि चाकाचा आस एका रेषेत आले, की पायाचा जोर वाया जातो. मशीन चालू असताना ही अडचण जाणवत नाही, कारण मोठ्या चाकाच्या वजनाला मिळालेली गती ते त्या जागेतून पुढे नेते. चाक जड ओतीव लोखंडाचे असते, ते यासाठीच. पण सुरुवात करताना चाक थांबलेले असते, म्हणून पहिला फेरा हाताने द्यावा लागतो. उजव्या हाताने वरचे छोटे चाक आपल्याकडे फिरवायचे आणि मग पायाने त्याची लय धरायची.

‘आपल्याकडे’ या शब्दावर आम्ही वर्गात फार वेळ घालवतो. चाक हाताने सुरू न करता नुसते पायडल दाबले, तर ते कधी पुढे, कधी उलटे फिरते. कुठल्या बाजूला, हे दांडा कुठे थांबला होता त्यावर अवलंबून असते. उलटे फिरले की शटल दोरा नीट पकडत नाही, दोरा गुंततो आणि तुटतो. नव्या मुली तेव्हा घाबरतात. “बाई, मशीन आपोआप मागे जातंय,” असे एकीने मला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा रडवेला झाला होता. मशीनला काही झाले नव्हते. तिचा डावा हात कापडावर आणि उजवा मांडीवर होता, चाकाला हातच लागला नव्हता.

सराव असा देतो. वरच्या छोट्या चाकाच्या मध्यभागी एक मोठा गोल स्क्रू असतो. तो सैल केला की चाक फिरते, पण सुई हलत नाही. बॉबिन भरताना आपण तो सैल करतो, तोच. मग दोरा नाही, कापड नाही, नुसते पायडल चालवायचे. दोन्ही पाय फळीवर, एक जरा पुढे, एक जरा मागे. टाच आणि चवडा आळीपाळीने. अनवाणी पायांना ही लय लवकर कळते, आणि पाड्यावरच्या मुली अनवाणीच बसतात, हा त्यांचा फायदा. शहरातल्या वर्गात चपला काढा म्हणून सांगावे लागते. लय बसली की स्क्रू आवळायचा आणि वहीच्या जुन्या रेघांच्या कागदावर, बिनदोऱ्याची सुई रेघेवरून चालवायची. भोकांची रांग रेघ सोडून गेली नाही, की कापड हाती देतो.

इथे एक गणित मुलींकडूनच करून घेतो, कारण त्यांना ते फार आवडते. आमच्या मशीनचे खालचे चाक सुमारे एक फूट रुंद आहे, आणि वरच्या चाकाची पट्टा बसणारी खाच सुमारे तीन इंच. म्हणजे खालचे चाक एकदा फिरले की वरचे साधारण चार वेळा फिरते. वरचे चाक एकदा फिरले की सुई एकदा खाली जाऊन वर येते, म्हणजे एक टाका पडतो. मिनिटाला ६० वेळा पायडल दाबले तर सुमारे २४० टाके. इंचाला दहा टाके धरले तर मिनिटाला दोन फूट शिवण. हाताने सुईदोरा चालवणाऱ्या आजीने हा हिशेब ऐकला की ती नातीला लगेच वर्गाला पाठवते.

आता पट्टा. खालच्या आणि वरच्या चाकाला जोडणारा हा चामड्याचा गोल दोर आहे, त्याची टोके तारेच्या आकड्याने जोडलेली असतात. वापराने चामडे ताणते आणि पट्टा सैल होतो. मग पाय चालतो, खालचे चाक फिरते, पण जाड कापड आले की सुई थांबते. हा बिघाड नव्हे. पट्टा थोडा, अगदी अर्धा इंचाहून कमी कापायचा, टोकाला टोच्याने नवे भोक पाडायचे, आकडा पुन्हा घालून चिमट्याने दाबायचा. एकदम जास्त कापू नये. फार घट्ट पट्टा पायडल जड करतो आणि चाकाच्या सांध्यांची झीज करतो. पट्ट्यावर तेल सांडले तरी तो घसरतो, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसावा.

पायडल जड झाले, तर दोष वर आहे की खाली, हे ओळखायची सोपी रीत आहे. पट्टा खालच्या चाकावरून उतरवायचा आणि नुसते पायडल चालवून पाहायचे. ते हलके चालले तर दोष वर, म्हणजे शटलमध्ये गुंता आहे किंवा तेल वाळले आहे. ते तरीही जड असले तर दोष खाली. खालच्या सांध्यांना तेल घालायचे बहुतेक जण विसरतात. फळीचे दोन्ही आधार, दांड्याची दोन्ही टोके आणि मोठ्या चाकाचा आस, एवढ्या जागी एकेक थेंब पुरतो. तेल मात्र मशीनचेच हवे. खोबरेल किंवा खायचे तेल घातले तर आठ दिवस मशीन गुळगुळीत चालते आणि नंतर ते तेल गोंदासारखे चिकटते. तसे झालेच तर रॉकेलचे दोन थेंब घालून थोडा वेळ रिकामे मशीन चालवायचे, घाण पुसून काढायची आणि मग मशीनचे तेल द्यायचे.

थोडा इतिहास सांगून पुढे जाते. अमेरिकेत इलायस हाऊ यांना शिलाई मशीनचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले. त्यांच्या मशीनमध्ये सुई आडवी चालत असे आणि कापड पिनांना टांगावे लागे. आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या मशीनमध्ये सुई उभी चालू लागली, कापड आडव्या पाटावर आले आणि त्याला दाबून धरणारा पाय आला. सिंगर मशीन पायडलने चालू लागले तेव्हा शिवणाऱ्याचे दोन्ही हात कापडासाठी मोकळे झाले. हाताने फिरवायच्या मशीनवर उजवा हात चाकाला बांधलेला असतो, आणि एका हाताने बाही जोडणे किती कठीण, हे ज्याने केले त्यालाच माहीत. यंत्रांविषयी एवढे कठोर लिहिणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संवादात शिलाई मशीनला मात्र आपल्या टीकेतून वगळले होते.

विजेचे पायडल

मोटरच्या मशीनला लोखंडी फळी नसते. पायाखाली वायरने जोडलेली एक डबी असते, तिलाही पायडलच म्हणतात. पण ही डबी काही फिरवत नाही. मोटरला किती वीज जाऊ द्यायची, एवढेच ती ठरवते. नळाची तोटी पाण्याला जे करते, ते ही विजेला करते. जुन्या डबीत कार्बनच्या चकत्यांची चळत असते. पाय हलका असताना चकत्या एकमेकींना सैल टेकतात, वीज कष्टाने जाते, मोटर हळू फिरते. दाब वाढला की चकत्या घट्ट बसतात, वीज सहज जाते, वेग वाढतो. अडवलेल्या विजेची उष्णता होते, म्हणून जुने पायडल बराच वेळ अगदी हळू चालवले की गरम होते. नव्या डबीत इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तो विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडाच हिस्सा पुढे सोडतो आणि कमी तापतो.

वापरताना थोड्याच गोष्टी पाळायच्या. सुईत दोरा ओवताना पाय डबीवरून काढून बाजूला ठेवायचा, बोटातून सुई जाते ती याच वेळी. मोटर नुसती घुमली आणि चाक फिरले नाही, तर पाय लगेच उचलायचा आणि हाताने चाक फिरवून पाहायचे, कारण अडकलेल्या मोटरला वीज मिळत राहिली तर ती जळते. काम संपल्यावर प्लग काढायचा. डबीवर कापडाचा गठ्ठा पडला तर मशीन आपोआप सुरू होते, आणि घरात लहान मुले असतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर डबी ठेवायची असेल तर खाली लाकडी फळी ठेवावी. ओल आणि धूळ या दोन्हींपासून ती वाचते.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. माझे मत स्पष्ट आहे : पाड्यासाठी पायाचे मशीनच द्यावे. शिवणाच्या कामाची गर्दी जूनमध्ये शाळा उघडताना असते, आणि वादळवाऱ्याने तारा तुटून वीज जाते तीही त्याच दिवसांत. शिवाय काळ्या लोखंडी डोक्याच्या पायमशीनला मोटर मागाहून बसवता येते. प्लास्टिकच्या सुबक मोटर मशीनला मागाहून पायडल बसवायचे म्हटले, तर बहुतेकांना पट्ट्याची खाचच नसते. परदेशातल्या आपल्या बांधवांनाही एक विनंती. अमेरिकेतले मशीन १२० व्होल्टचे असते आणि आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. ते इथे तसेच जोडले तर मोटर क्षणात जळते. ते प्रेमाने पाठवलेले असते, म्हणून नको म्हणायलाही जड जाते.

वरचा पाय

शिवणकामाचा विषय निघाला की मंडळीत टबीथेची आठवण होतेच. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात विधवा बायका तिने केलेली वस्त्रे पेत्राला दाखवतात. तिची सुई हाताची, म्हणजे छिद्र मागच्या टोकाला. मशीनच्या सुईचे छिद्र पुढे, टोकाशी असते, आणि ती कापडातून पूर्ण आरपार कधीच जात नाही. खाली जाते आणि आल्या वाटेने परत येते. वरचा पाय का लागतो, हे या फरकातूनच कळते.

सुई अगदी खाली जाऊन जराशी, दोनएक मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागच्या बाजूचा दोरा फुगून एक लहान फास तयार होतो. शटलचे टोक त्या फासात शिरते, त्याला बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून आणते, वरची दांडी दोरा ओढून घेते आणि टाका घट्ट बसतो. हा फास तयार व्हायचा तर सुई वर येताना कापड जागेवर राहिले पाहिजे. कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले गेले, तर दोराही तिच्याबरोबर वर जातो, फास होत नाही, शटलचे टोक रिकामे जाते आणि टाका सुटतो. कापडाला त्या क्षणी खाली धरून ठेवणे हे प्रेशर फूटचे पहिले काम आहे. बरीच वर्षे शिवणाऱ्या बायकांनाही हे ठाऊक नसते. टाके सुटू लागले की त्या सुई बदलतात, दोरा बदलतात, आणि दाब सैल झाला आहे याकडे बघतच नाहीत.

दुसरे काम कापड पुढे सरकवण्याचे. ते प्रेशर फूट एकटे करत नाही. त्याच्या खाली, पाटाच्या पट्टीतील खाचांतून डोकावणारे लोखंडी दाते असतात. ते वर येतात, मागे सरकतात, खाली बुडतात आणि बुडालेल्या अवस्थेतच पुढे परततात. वर आल्यावर ते कापड मागे नेतात, पण त्यांची पकड बसायला वरून दाब हवा. तो दाब प्रेशर फूटचा. सुई कापडाबाहेर असतानाच दाते कापड सरकवतात, ही वेळ मशीन स्वतः सांभाळते. म्हणून कापड मागून ओढायचे नसते. ओढले की सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते. हात फक्त दिशा दाखवण्यासाठी ठेवायचे.

कापड सरकत नसेल, तर आधी टाक्याच्या लांबीची कळ शून्यावर तर गेली नाही ना, ते बघावे. मग पट्टी उघडून दात्यांत साचलेला कापडाचा भुगा जुन्या टूथब्रशने काढावा. मळखाऊ कापडाचा भुगा इतका घट्ट बसतो की दाते बोथट झाले असे वाटते. यानेही सरकले नाही तर दाब वाढवावा.

दाब कुठून येतो? प्रेशर फूट ज्या उभ्या दांडीला बसवलेला असतो, तिच्यावर डोक्याच्या आत एक स्प्रिंग असते, आणि अगदी वर एक स्क्रू. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की स्प्रिंग दाबली जाते आणि दाब वाढतो. मलमल, वॉयल, नायलॉन यांना दाब कमी लागतो. जास्त झाला तर चुण्या पडतात आणि दात्यांचे वळ उमटतात. गणवेशाच्या जाड कापडाला दाब जास्त लागतो, नाहीतर टाके कुठे लहान, कुठे मोठे पडतात. आणखी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. दोन कापडे एकावर एक ठेवून शिवली, की खालच्या कापडाला दाते ओढतात आणि वरच्याला प्रेशर फूट घासून मागे धरतो. दाब फार असेल तर लांब शिवणीच्या शेवटी वरचे कापड बोटभर उरते. मुलगी म्हणते, मी बेतताना चुकले. बेतणे बरोबर असते, स्क्रू घट्ट असतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रेशर फूट मागच्या खटक्याने वर उचलला, की बहुतेक मशीनवर वरच्या दोऱ्याच्या टेन्शनच्या चकत्याही सैल होतात. म्हणजे पाय वर असताना दोऱ्याला ताणच नसतो. याचे दोन परिणाम आहेत. दोरा ओवायचा तो पाय वर ठेवूनच, म्हणजे तो दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसतो. आणि शिवायचे ते पाय खाली टाकूनच. जाड कापड असले की पाय खाली आहे असा भास होतो, शिवण सुरू होते आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे तयार होते. जाळे खाली दिसते म्हणून सगळ्या जणी बॉबिन काढून बसतात. पण खाली साचलेला दोरा वरचा असतो, त्याला ताण नव्हता म्हणून तो खाली गेला. खात्री करायची रीत अशी : पाय वर ठेवून दोरा ओढा, तो सहज येईल. पाय खाली टाकून ओढा, तो अडून येईल. दोन्ही वेळा सारखाच सहज आला, तर दोरा चकत्यांत बसलेला नाही. आमच्याकडे ‘बिघडले’ म्हणून येणाऱ्या मशीनपैकी कितीतरी या एका तपासणीने बरी झाली आहेत.

बारीकसारीक आणखी काही. कापड नसताना पाय खाली टाकून मशीन चालवू नये, दाते थेट त्याच्या तळव्यावर घासतात आणि दोन्ही खराब होतात. पायाचा स्क्रू सैल झाला तर पाय जरा आडवा सरकतो आणि सुई त्याच्या बोटावर आदळते. काम सुरू करण्यापूर्वी तो स्क्रू एकदा पिळून पाहावा. गणवेशाच्या पँटची जाड दुमड ओलांडताना पायाची पुढची बोटे वर उचलली जातात आणि मशीन एकाच जागी टाके घालत बसते. तेव्हा पायाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवावी. पाय सपाट झाला की तो पुढे जातो.

कामाप्रमाणे पाय बदलतात. चेन लावायला एका बाजूचा पाय असतो, म्हणजे चेनच्या दात्यांना अगदी लागून शिवता येते. काठ दुमडायचा पाय पुढे गोगलगायीसारखा वळलेला असतो, त्यात कापडाची कड घातली की ती आपोआप गुंडाळून शिवली जाते. ओढणी आणि रुमालांचे काठ त्याने भराभर होतात. मशीनवर भरतकाम करायचे तर पाय काढून टाकतात, दाते खाली बसवतात किंवा झाकतात, आणि कापड रिंगमध्ये ताणून हातानेच फिरवतात. रिंगने ताणलेले कापड सुईबरोबर उचलले जात नाही, म्हणून तिथे पायावाचून चालते.

असे पाय भेट द्यायचा विचार असेल, तर एक माप आधी घ्यावे. पाय खाली टाकून, मशीनच्या पाटापासून पायाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. अर्धा ते पाऊण इंच असेल तर ते आखूड दांडीचे घरगुती मशीन. एक इंच किंवा त्याहून जास्त असेल तर उंच दांडीचे, कारखान्यातील मशीनवर असते तसे. एकाचा पाय दुसऱ्याला बसत नाही. बाजारात बत्तीस-बत्तीस पायांचे डबे मिळतात, आणि त्यातले बरेचसे पाय झिगझॅग किंवा मोटरच्या मशीनसाठी असतात. सरळ टाक्याच्या काळ्या मशीनला त्यांचा उपयोग नाही. त्यापेक्षा साधा, चेनचा आणि काठ दुमडायचा असे तीन पाय, दोन पट्टे, मशीनच्या तेलाची एक बाटली, १४ आणि १६ नंबरच्या सुयांची पाकिटे आणि एक चांगला स्क्रूड्रायव्हर एवढे मशीनबरोबर दिलेत, तर ते मशीन बराच काळ कुणापुढे हात न पसरता चालेल.

शेवटी हंगामाचे. आमच्या भागातील बरीच कुटुंबे दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने मशीन बंद घरात राहते. निघण्यापूर्वी वर्गातल्या बायकांना आम्ही सांगतो : दाते आणि शटल पुसून सगळ्या सांध्यांना तेल द्या, चाक दहा-बारा वेळा हाताने फिरवा. सुई काढून ठेवा. सुती कापडाची जाड घडी पाटावर ठेवून प्रेशर फूट तिच्यावर खाली टाका, म्हणजे ओघळलेले तेल कापड शोषून घेते आणि पायाचा तळवा गंजत नाही. मशीनवर जुनी चादर घालून ती सुतळीने बांधा. आणि पट्टा चाकावरून उतरवून, गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवा. उंदीर चामडे सोडत नाहीत.